उल्हास नदीवरची बंद होडी

अंबरनाथहून बदलापूर म्हणजे गाडीनं पुढचंच स्टेशन. खरा प्रवास नदीपलीकडचा. माझी धाकटी बहीण कमल तिकडच्या गावात दिलेली. आठवा महिना लागला तशी तिला बाळंतपणाला आणायचं ठरवून मी आश्विनात निघाले. पन्नास सालानंतरची गोष्ट.

तिकडे जाणार असाल तर स्टेशनबाहेरच चहा-भजी खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. भाताच्या बांधांवरून चालत मी काठावर पोचले. होडी झाडाला साखळीनं बांधून कुलूप घातलेली. शेजारी होडीवाले धर्माकाका बसले होते.

"होडी बंद हाय, बाय. वरच्या उतारातनं जा."

वरच्या अंगाला नदी उथळ होती, त्या उताराच्या कमरेएवढ्या पाण्यातून मी पलीकडे गेले. संध्याकाळी मेहुण्यांनी सांगितलं: मागे एका जत्रेच्या दिवशी काकांनी परवान्यापेक्षा जास्त माणसं घेतली, होडी उलटली, तीन बायका बुडाल्या. कोर्टानं तुरुंगवास दिला, परवाना काढून घेतला; शिक्षा भोगून काका परत आले होते. पुन्हा होडी पाण्यात घातली तर पुन्हा तुरुंग.

सकाळी कमलला रक्तस्राव सुरू झाला. सुईण घाबरली. डॉक्टर बदलापुरात, आणि डोली उतारातून नेणं अशक्य. तिला काठावर आणून मेहुण्यांनी हाका मारल्या. पलीकडे काका नुसते उभे राहिले. मग त्यांनी दगड उचलून कुलूप फोडलं. होडी आमच्या काठाला लावून ते मला म्हणाले,

"पोरगी आन् तुमी. आनखी कुनी नाय."

"मी नवरा आहे तिचा!" मेहुणे ओरडले.

"जत्रेला पन सगळे असंच म्हनत हुते. एकच घे, एकच घे."

मेहुणे काठावर राहिले. कमल माझ्या मांडीवर कण्हत होती. काका एकदाही आमच्याकडे न पाहता वल्हं मारत राहिले.

डॉक्टरांनी कमलला वाचवलं. मूल गेलं. दुपारपर्यंत पोलीस काकांना घेऊन गेले.

मी साक्षीला गेले, काठावरचं सगळं सांगितलं; पुढं कमलचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. "कारण समजलं," न्यायाधीश म्हणाले, "पण ही बंदी माणसं बुडाली म्हणून घातली होती." काकांना पुन्हा ठाण्याच्या तुरुंगात पाठवलं.

कमल माझ्याकडेच अंबरनाथला होती. एका दुपारी दारात काकांची बायको आली. ठाण्याला त्यांना तुरुंगात भेटून परतताना ती मध्येच इथं उतरली होती.

"त्यांनी इचारलंय, पोरगी वाचली का?"

कमल उठून बाहेर आली आणि तिच्या पाया पडली.

"आन् बाळ?"

मी नाही म्हणून मान हलवली. बाईनं कमलच्या डोक्यावर हात ठेवला.

"दोगंबी बरी हायत, असंच सांगन त्यांना," ती म्हणाली.