जाळी काढून केलेला व्हिडिओ

हे मी घरीसुद्धा बोललेले नाही. नवऱ्याला वाटतं मला झोपेचा त्रास आहे. असू दे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलता येतंय.

चाकणजवळच्या एका डिप्लोमा कॉलेजात मी मेकॅनिकलला शिकवते. खडू-फळ्यावर माझा कधीच जीव नव्हता. मशीनचं चित्र काढून मशीन कळतं का कुणाला? म्हणून मी व्हिडिओ करायला लागले. मुलांनी घरी बघून यायचं, वर्गात फक्त शंका विचारायच्या. मुलं खूश, प्राचार्य खूश, आणि मी — मी तर हवेतच होते. दुसऱ्या कॉलेजांतले लोक मला विचारायचे, मॅडम, तुम्ही हे जमवता कसं?

आता सांगते कसं.

वर्कशॉपमधल्या पॉवर प्रेसला पुढून जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. मोबाईलवर त्या जाळीमागचं काहीच नीट दिसेना. मी ती काढायला लावली. हातानं पत्रा आत सरकवला, पायानं पेडल दाबलं — इतकं स्वच्छ दिसलं म्हणून सांगू! ‘जाळी फक्त चित्रीकरणासाठी काढली आहे’ असं खाली लिहायचं राहून गेलं... नाही, खोटं कशाला? लिहिलं होतं. अक्षरांनी डाय, म्हणजे पत्र्यावर आपटणारा साचा, झाकली जात होती, म्हणून पुसलं.

शीतल माझी विद्यार्थिनी. थेरगावची, वडील कंपनीत कामाला. माझा एकेक व्हिडिओ तिला तोंडपाठ. डिप्लोमा झाल्यावर ती एका छोट्या कारखान्यात प्रेसवर ट्रेनी म्हणून लागली. तिथे डाय बदलताना कुणीतरी जाळी काढली आणि घाईत परत बसवलीच नाही. दुसऱ्या कुणी आरडाओरडा केला असता. शीतलला त्यात काही वावगं वाटलं नाही. का वाटावं? तिनं प्रेस चालताना तशीच तर पाहिली होती.

उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मला कळलं तेव्हा आधी काय आठवलं असेल? तिचा चेहरा? नाही हो. व्हिडिओ. त्याच दिवशी मी जाळी लावून तो पुन्हा केला. ड्रेससुद्धा तोच घातला. जुना उडवला आणि नवा त्याच नावानं चढवला. चित्र कुठे हललं नाही.

कारखान्यानं तिचाच निष्काळजीपणा ठरवला. ती घरी बसली. मग एकदा कॉलेजात आली, डाव्या हातात फोन धरून. मला वाटलं भांडायला आली. भांडली असती तर बरं झालं असतं.

“मॅडम, या व्हिडिओत आधी जाळी नव्हती ना? का मलाच तसं आठवतंय?”

ती माझ्याकडे बघत होती. तिला फक्त एवढंच हवं होतं — आपलं डोकं ठिकाणावर आहे की नाही, ते. एक शब्द पुरला असता.

“होती गं,” मी म्हणाले. “तू नीट बघितलं नसशील.”

तिनं फोनकडे पाहिलं, मान हलवली. “मग माझंच चुकलं, मॅडम. सॉरी.”

आणि मी म्हणाले, असू दे.

आता ती दरवर्षी सुरक्षेवर बोलायला येते. मीच बोलावते. ती हात वर करून मुलांना दाखवते आणि सांगते, मॅडमनी सगळं बरोबर शिकवलं होतं, माझंच लक्ष नव्हतं. तिचं ते बोलणं रेकॉर्ड करून मी चॅनेलवर टाकलंय. नवीन वर्गाला पहिल्या तासाआधी तेच बघून यायला सांगते.