उस्तादाला मरू न देणारा

संत तुकाराम नगरहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. बसला की पायातले सेफ्टी शूज काढून सीटखाली ढकलायचा आणि मोबाइल आडवा धरून गेम खेळायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्या गेममध्ये हिरोला तलवार शिकवणारा एक म्हातारा उस्ताद होता. पुढच्या लढाईत तो मरणार, हे याला ठाऊक होतं. म्हणून हा ती लढाई सुरूच करायचा नाही. नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत नुसता नदीवर मासे पकडायचा आणि अधूनमधून उस्तादाला भेटून यायचा.

एका सकाळी मात्र त्याने लढाई सुरू केली. उस्ताद गेला.

"का हो?" मी विचारलं.

"रोज तीच दोन वाक्यं ऐकवायचा, राव. वैताग आला." असं म्हणत त्याने डोळे पुसले. "त्यापेक्षा दुश्मन बरा, कधीतरीच येतो. पण आला की ताठ बसावं लागतं."

माझी नोकरी बदलली तेव्हा शेवटच्या दिवशी मी त्याचा नंबर मागितला. तो हसला.

"नको राव. रोज गुड मॉर्निंग पाठवाल."

तेव्हा रागच आला होता. आता नव्या बसमध्ये फोन उघडला की कुणाकुणाची फुलं येऊन पडलेली असतात. मी ती न बघताच डिलीट करतो. मग नजर शेजारच्या सीटखाली जाते, कुणी शूज काढून ठेवलेत का ते बघायला.