तीन चुकीची नावं

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कोणाचे असतील, तर शाळेत मराठी शिकवणाऱ्या माझ्या सरांचे. दहावीनंतर वडील मला गवंड्याच्या हाताखाली लावणार होते. सरांनी घरी येऊन त्यांची समजूत काढली आणि तालुक्याच्या कॉलेजचा फॉर्म स्वतः भरला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्या फॉर्ममुळे.

पदवीनंतर चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत, स्पर्धा परीक्षांची गाइडं काढणाऱ्या एका छोट्या प्रकाशकाकडे मला नोकरी लागली. रुजू होताना मालकांनी माझी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली. "दोन वर्षं टिकलास की परत. इथे मुलं काम शिकतात आणि पळतात," म्हणत त्यांनी ती लोखंडी कपाटात टाकली. मला त्यात काही गैर वाटलं नाही. नोकरी दिली होती त्यांनी.

माझं काम पुस्तकांची चुकीची नावं तयार करण्याचं. 'खालीलपैकी कादंबरीचे योग्य नाव कोणते?' या प्रश्नाला एक खरं नाव लागतं आणि तीन खोटी. खोटं नाव खऱ्यासारखंच दिसायला हवं, म्हणून एकच शब्द बदलायचा. एका गाजलेल्या कादंबरीच्या नावात 'रात्र' आहे. तिथे मी 'सांज', 'पहाट' आणि 'दुपार' घातले. त्यातल्या बहुतेक पुस्तकांची मला नुसती नावं पाठ होती. वाचली होती सरांनी.

आमच्याकडे नवी आवृत्ती म्हणजे जुनीच, फक्त पर्यायांची जागा बदललेली. पहिला तिसरा करायचा, चौथा पहिला. यंदा मी पुस्तकांच्या प्रकरणातले पर्याय हलवले आणि मागची उत्तरसूची बदलायला विसरलो. गठ्ठे गावोगाव पोचल्यावर लक्षात आलं. अकरा उत्तरं चुकली होती.

शुद्धिपत्र काढू या, असं मी मालकांना म्हटलं.

"वेडा झालास काय? शुद्धिपत्र गेलं की गठ्ठे परत येतात. गप्प बस."

शेजारी टायपिंग करणाऱ्या ताई स्क्रीनवरची नजर न काढता पुटपुटल्या, "कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते बघ आधी. मग कर शहाणपणा."

त्याच आठवड्यात सरांचा फोन आला. शनिवारी ते शाळेतल्या मुलांची स्पर्धा परीक्षेची तयारी करून घेतात, आमचंच गाइड वापरून.

"अरे, ती 'रात्र' नाहीच रे, 'सांज' आहे! तीस वर्षं चुकीचं शिकवलं मी. काल वर्गाची माफी मागितली."

"सर, पण तुम्ही ती कादंबरी वाचलीय ना?"

"दोनदा. पण आता वय झालं. मुलांना म्हटलं, आपल्याच शाळेचा पोरगा आहे, त्यानं छापलंय ते खरं मानायचं."

मालक समोरच बसले होते. मी "हो सर" म्हणालो.

दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. परीक्षेला तीन आठवडे होते. मी सरांना पत्र लिहिलं. ऑफिसच्या टपालात टाकलं असतं तर ते आधी मालकांच्या टेबलावर गेलं असतं, म्हणून स्वतः पोस्टात जाऊन पाठवलं. प्रमाणपत्रं अजून त्या कपाटातच आहेत, आणि मीही रोज दहाला त्याच्यासमोर येऊन बसतो. पत्र असं होतं:

आदरणीय सर,

सा. न.

'रात्र'च बरोबर आहे. तुम्ही तीस वर्षं बरोबरच शिकवलंत. मी पर्याय हलवले आणि उत्तरसूची तशीच ठेवली. फोनवर 'हो' म्हणालो, तेही खोटं होतं. अशा अकरा चुका आहेत. पानांचे क्रमांक आणि खरी उत्तरं सोबतच्या कागदावर लिहिली आहेत. तो कागद मुलांना दाखवा, आजूबाजूच्या शाळांतही द्या, आणि चूक कोणाची ते माझं नाव घेऊन सांगा. मालकांना कळलं तर कळू दे. तुम्ही मात्र वर्गाची मागितलेली ती माफी परत घ्या, सर. ती मी मागायची आहे.

तुमचा विद्यार्थी