रुमालाखालचा हात

आमच्याकडे धंद्याच्या गोष्टी जिथे ठरतात तिथे बाईला बसायला जागा नसते. त्या ढाब्यावरच्या मागच्या टेबलावर ठरतात, कुणाच्या तरी शेतातल्या पार्टीत ठरतात, गाडीच्या काचा वर करून ठरतात. मी हळदीचा धंदा करते. शेतकऱ्यांकडून हळद घ्यायची, पॉलिश करून, प्रतवारी लावून बाहेरच्या व्यापाऱ्यांना विकायची. वडिलांचा हाच धंदा होता, त्यांच्या मागे मागे मोंढ्याच्या बाजारात फिरून मी शिकले. पण विकायची वेळ आली की माझ्या मालाचा भाव माझ्याआधीच कुठेतरी मटणाच्या ताटावर ठरलेला असायचा आणि मला तो फक्त कळवला जायचा. याचा मला भयंकर राग येतो. आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या रागातूनच झालं.

त्या उन्हाळ्यात हिंगोलीत एका मंडळानं फुटबॉलचे सामने भरवले होते. परदेशात म्हणे मोठी माणसं काचेच्या खोलीत बसून मॅच बघतात. ते टीव्हीवर बघून मंडळाच्या पोरांनी मैदानाच्या कडेला बांबू रोवले, तिन्ही बाजूंनी मांडवाचं कापड ताणलं, आत दोन सोफे आणि एक कूलर ठेवला आणि त्याला ‘बॉक्स’ म्हणायला सुरुवात केली. व्यापाऱ्यांनी बॉक्स घ्यायचा, वर आपल्या फर्मचं बॅनर लावायचं, पाहुण्यांना बोलवायचं. पोरं माझ्या दुकानात आली आणि पहिला प्रश्न विचारला, “सर हायत का?”

सर म्हणजे माझे यजमान. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, मीही म्हणते.

“सर शाळेत हायत,” मी म्हटलं, “तुमचं काम माझ्याशी हाय.”

मी फायनलच्या दिवसाचा बॉक्स घेतला. विचार साधा होता. ढाब्यावर मला जाता येत नाही, तर व्यापाऱ्याला अशा जागी आणायचं जिथे मी उजळ माथ्यानं बसू शकते. भर उजेडात, चार लोकांदेखत.

त्या वर्षी सौदा पटणं फार गरजेचं होतं. हट्टा आणि डोंगरकडा या गावांच्या काही बायकांनी आपापल्या वाटणीची हळद अडतीवर न घालता माझ्या शेडमध्ये आणून टाकली होती. मी त्यांना एक भाव सांगितला होता आणि याच्या खाली देणार नाही असा शब्द दिला होता. त्यातली हट्ट्याची एक तर घरात नवऱ्याशी, दिराशी भांडून माल घेऊन आली होती. “ताई, हे सगळे टपून बसलेत,” ती म्हणाली होती. “भाव पडला की म्हणतील, बाईच्या नादी लागली.” माझा शब्द खाली पडला असता तर त्या बाईला पुन्हा त्या घरात तोंड उघडायची सोय राहिली नसती.

बॉक्समध्ये आम्ही चौघं होतो. मी, सर, माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि व्यापारी. मैत्रीण सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिचे दोन्ही भाऊ फुटबॉल खेळायचे, त्यामुळे तिला खेळातलं सगळं कळतं, आणि तिच्या तोंडाला लगाम म्हणून नाही. व्यापारी दूरच्या एका मोठ्या हळदपेठेतले, वयस्कर, पांढरेशुभ्र कपडे, खांद्यावर मोठा रुमाल, बोलणं एकदम मवाळ. सगळे त्यांना शेठ म्हणत. उद्धट माणसावर चिडणं सोपं असतं. हा माणूस हात जोडून अपमान करायचा.

त्या दिवशी अपमानाची सुरुवात मात्र लाउडस्पीकरनं केली. पाहुण्यांची नावं पुकारताना आमच्या फर्मचं नाव घेऊन पोरगं ओरडलं, “फर्मचे मालक, आपले लाडके सर, आणि सोबत वहिनी!” पावती माझ्या नावची, बॅनर माझ्या पैशाचं. आणि सर? सर उठून उभे राहिले आणि चारी दिशांना नमस्कार केला. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

मी पहाटे उठून धपाटे केले होते, शेंगदाण्याची चटणी, दही, माठातलं ताक. शेठनी मनापासून खाल्लं. “वहिनींच्या हाताला चव आहे,” असं सरांना सांगितलं. मग मी पिशवीतून नमुना काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हळकुंड मोडलं, आतला रंग बघितला, वास घेतला आणि सरांकडे वळून म्हणाले, “सर, माल चांगला आहे तुमचा.”

“व्हय व्हय,” सर म्हणाले, “यंदा लई चांगला हाय.”

या माणसाला शेजारी शेजारी ठेवलेली ओली हळद आणि आलं ओळखता येत नाही!

“शेठ, भाव मी फोनवर सांगितलाय,” मी म्हटलं. “त्याच्या खाली जमणार न्हाई.”

ते हसले. “वहिनी, तुम्ही निवांत मॅच बघा. भावाचं आम्ही पुरुषमाणसं बघून घेतो.”

“शेठ, मॅच मला कळती, हळद हिला कळती,” मैत्रीण म्हणाली. “मग तुमचं दोघांचं इथं काय काम हाय?”

शेठ त्यावरही हसले. हसण्यावारी नेलं की बाईचं बोलणं संपतं, हे त्यांना पाठ होतं.

मी ताक ओतायला कूलरच्या कोपऱ्यात गेले. ग्लास भरताना सहज वळून पाहिलं, तर शेठनी रुमाल काढून सरांच्या आणि आपल्या हातावर टाकलेला.

जुन्या व्यापाऱ्यांची ही रीत आहे. भाव तोंडानं बोलायचा नाही. रुमालाखाली हात घालायचा, घेणाऱ्यानं देणाऱ्याची बोटं धरून भाव सांगायचा. देणाऱ्याला मान्य असेल तर त्यानं हात दाबायचा. दाबला की सौदा झाला, मग आभाळ कोसळलं तरी फिरायचं नाही. आता सगळा लिलाव उघड होतो, हा प्रकार राहिलेला नाही. पण मी वडिलांशेजारी बसून तो पाहिलाय. सरांनी कधीच पाहिला नव्हता. त्यांना वाटलं, म्हातारा माणूस आहे, प्रेमानं हात धरून बसलाय.

मी ग्लास खाली ठेवला आणि नेमका तेव्हाच आपल्या हिंगोलीच्या पोरांनी गोल केला. सगळं मैदान उसळलं, मैत्रीण सोफ्यावर चढली. आणि सरांनी, ज्यांना आपली टीम निळी की पांढरी हे मघापासून कळत नव्हतं, त्यांनी आनंदाच्या भरात हातात होता तो हात करकचून दाबला.

“हात झाला!” शेठ म्हणाले आणि रुमाल उचलून खांद्यावर टाकला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“कोणत्या भावानं झाला?” मी विचारलं. त्यांनी सांगितला. माझ्या भावाच्या कितीतरी खाली होता. मला हट्ट्याच्या बाईचा चेहरा दिसायला लागला.

“सर, तुमी काय केलं हे?”

“अगं, गोल झाला!” सर म्हणाले.

“शेठ, ज्यानं हात दाबला त्याची हळद न्हाई.”

“वहिनी, हात झाला तो झाला. तुमच्या वडिलांनी कधी हात मोडला नव्हता.”

ते खरं होतं. वडिलांनी एकदा तोटा सोसला, पण हात मोडला नाही. त्या रीतीचा मला आदर आहे, म्हणून तर मी जास्त पेटले. वडिलांची रीत माझ्याविरुद्ध वापरायची, आणि मला वगळून!

मी शेठच्या खांद्यावरचा रुमाल ओढला. वयानं मोठ्या माणसाचा रुमाल असा ओढणं बरं नाही, मला माहीत आहे. आजूबाजूच्या बॉक्समधली माणसं मॅच सोडून कापडाआडून डोकावून आमच्याकडे बघायला लागली. मी रुमाल माझ्या उजव्या हातावर टाकला आणि हात त्यांच्यापुढे केला.

“धरा. हळद माझी हाय. हात बी माझाच धरावा लागंल.”

शेठ मागे सरकले. “वहिनी, बाईमाणसाचा हात कसा धरायचा? शोभतं का ते?”

“मी रोज गड्यांचे हात धरून सलाइन लावते,” मैत्रीण सोफ्यावरूनच म्हणाली. “कुणाचं काय बुडालं न्हाई अजून.”

“माझ्या हातचे धपाटे चालतात,” मी म्हटलं, “माझ्या हातची हळद चालती. हात तेवढा चालत न्हाई काहून?”

माझा हात तसाच पुढे होता. तो त्यांनी धरला नाही. उठले, सरांना नमस्कार केला, “येतो सर,” म्हणाले. कापड बाजूला सारून बाहेर पडताना त्यांनी हळूच विचारलं, “वहिनी रागावल्या का?” तेही सरांनाच विचारलं.

आपली टीम जिंकली म्हणे. मला त्या मॅचचा स्कोअर आजही माहीत नाही.

घरी आल्यावर सर म्हणाले, “पण मी कुठं काय बोललो?”

“तुमी बोलला न्हाईत, हीच तर तकलीफ हाय. मालक मी न्हाई, हिला विचारा, एवढं एक वाक्य होतं. नमस्कार करायला बरं सुचलं!”

त्यांनी मान खाली घातली. मला त्यांची दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी हट्ट्याला जाऊन सौदा फिसकटल्याचं त्या बाईला सांगितलं. बॉक्समधली सगळी हकीकत मी तावातावानं सांगत होते. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “म्हंजी ताई, माल आता घरी न्यायचा का?” माझ्या रागाचा तिला काहीच उपयोग नव्हता. “थोडे दिवस शेडमध्येच राहू दे,” एवढं सांगून मी परत निघाले.

मधे काही दिवस गेले. एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि सरांचा फोन वाजला. शेठ होते. सरांनी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

“सर, तसा माल दुसरीकडं मिळाला नाही,” शेठ म्हणाले. “वहिनींचा भाव मान्य आहे. फक्त शब्द तुम्ही द्या. म्हणजे आमच्याही मनाला बरं.”

माझा भाव, पुरा. सरांनी एकदा ‘व्हय’ म्हटलं की हट्ट्याची बाई ताठ मानेनं घरात वावरणार होती. मी दात-ओठ खाल्ले आणि पिठाच्या हातानं सरांना खूण केली, म्हणा व्हय. अपमान गिळून मी ती खूण केली, आणि तो घोट कसा लागतो हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

सरांनी माझी खूण पाहिली. तरी ते म्हणाले, “शेठ, माझ्या शब्दाला काय अर्थ हाय? त्या दिवशी मी बी तिचा पाहुणाच होतो, तुमच्यासारखा. जेवलो अन् मॅच बघितली. मालक इथं समोर हाय.” आणि त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला.

यानंतर माझा राग जायला हवा होता. गेला नाही. हे वाक्य बॉक्समध्ये सुचलं असतं तर, एवढंच मनात आलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती.

शेठ फोन ठेवणार असं मला वाटलं. मग ते खाकरले आणि म्हणाले, “बोला, वहिनी.”

“वहिनी भाकरी करून राहिल्या,” मी म्हटलं. “तुमी मालकाशी बोलून राहिले. भाव बोला.”