नवी लाट कुणाची?

गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या धारगळला हमरस्त्याच्या कडेला माझ्या वडिलांचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार मेजं, आठ बाकडी, उंड्याबरोबर मिळणारी पातळभाजी आणि दुबईच्या मामाने आणून दिलेला एक टेपरेकॉर्डर. त्यावर सकाळभर नाट्यगीतं चालत. उंडा, म्हणजे आमचा गोल कडक पाव, आणि नाट्यगीत यांचा काही संबंध असतो असं गोव्याबाहेरच्या माणसाला सांगितलं तर पटत नाही. आमच्याकडे एकाशिवाय दुसरं घशाखाली उतरत नसे.

बाबा मराठीचे कट्टर. मराठी हीच आपली भाषा आणि कोंकणी ही तिची बोली, हे ते दिवसातून दहा गिऱ्हाइकांना समजावून सांगायचे, आणि सांगायचे ते अस्खलित कोंकणीत. मी एकदा हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, ‘‘गो, माणसाला त्याला कळेल अशा भाषेत सांगावं लागतं.’’

हॉटेलात रोजचा एक ट्रकवाला यायचा. सावंतवाडीकडून जांभ्या दगडाचे चिरे घेऊन म्हापशाला जायचा, आणि जाताना एकदा, येताना एकदा आमच्याकडे थांबायचा. त्याला गोव्यात मत नव्हतं, पण मतं भरपूर होती. गोव्याला घटक राज्य करावं की नाही, राजभाषा कुठली करावी, मुख्यमंत्र्याने कुणाला जवळ करावं, सगळं तो मालवणीत ठणकावून सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, ‘‘माका काय करूचा हा? मी आपलो परको माणूस.’’

तेव्हा मी म्हापशाला कॉलेजात जात होते. वर्गात माझी एक मैत्रीण होती, म्हापशाचीच, ख्रिश्चन. तिचा मोठा भाऊ तारवटी होता, म्हणजे जहाजावर काम करणारा. परदेशातल्या बंदरांवरून तो कॅसेटी आणायचा. त्यातली एक मैत्रिणीने मला आठवडाभरासाठी दिली. मी ती डब्यात, चपात्यांच्या वर ठेवून घरी आणली. दुपारी हॉटेल रिकामं झालं, बाबा आत आडवे झाले, तेव्हा मी नाट्यगीतं काढून ती कॅसेट घातली.

आधी नुसते ठोके आले, घड्याळासारखे सरळ, एकही इकडेतिकडे नाही. मग कुणीतरी एका बोटाने पेटी वाजवावी तसा सिंथेसायझर. आणि मग एक माणूस गायला लागला. सर्दी झालेला, नुकताच उठलेला आणि उठवल्याबद्दल रागावलेला. माझ्या अंगावर काटा आला. असं गाता येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे गाणारा माणूस तान घेऊन तुम्हाला जिंकायला यायचा. हा माणूस तुम्ही ऐकता की नाही याची पर्वाच करत नव्हता, आणि नेमकं त्यामुळेच मला त्याच्याजवळ बसावंसं वाटत होतं.

तिसऱ्या गाण्याला ट्रकवाला आत आला. थोडा वेळ मान वाकडी करून ऐकत राहिला.

‘‘ह्यो रडता कित्याक?’’

‘‘रडत नाही, गातोय,’’ मी म्हटलं.

बाबा उठून बाहेर आले. त्यांनी कॅसेटची डबी हातात घेतली. तारवट्याने तिच्यावर बॉलपेनने रोमी, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, ते मला वाचून दाखवायला सांगितलं.

‘‘न्यू वेव्ह,’’ मी म्हटलं. ‘‘म्हणजे नवी लाट.’’

बाबांचे डोळे एकदम चमकले. ‘‘नवी लाट? कुणाची?’’

त्यांना वाटलं, निवडणूक आली. ट्रकवाल्यालाही तेच वाटलं. ‘‘पेडण्यात कसली लाट येता,’’ तो म्हणाला. ‘‘हय फक्त उमेदवार येतत.’’ पुढचा अर्धा तास दोघं कुणाची लाट आहे आणि कुणाची ओसरली यावर बोलत बसले. मागे तो सर्दीवाला गातच होता. आजही ते संगीत आठवलं की माझ्या कानात त्याच्याबरोबर आमदारांचं पक्षांतर ऐकू येतं. पुढे लग्न होऊन मी डिचोलीला आले. सासरच्या घरात भजनं आणि क्रिकेटची कॉमेंट्री. माझं ते संगीत मी भांडी घासताना तोंडातल्या तोंडात गुणगुणायची. सासूबाईंना ते अगदी शेवटपर्यंत इंग्रजी स्तोत्र वाटत होतं. मी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

पण ते नंतरचं. तेव्हा एका आठवड्याचे दोन महिने झाले, कॅसेट काही मी परत केली नाही. मग राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून आंदोलन तापलं. रस्ते अडवायला सुरुवात झाली, झाडं तोडून आडवी टाकलेली असत. एक दिवस एका बाजूने, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूने. दक्षिण गोव्यात माणसं जिवाला मुकली तेव्हा मात्र हॉटेलातल्या गप्पा दोन-तीन दिवस बंद झाल्या. बाबांनी टेपही लावली नाही. कुणी काही मागितलं तर नुसतं आणून पुढे ठेवायचे.

कॉलेज बंदच होतं. मी घरी बसून कॅसेट इतकी वाजवली की शेवटी टेपरेकॉर्डरने ती खाल्ली. आतून वीतभर फीत चुरगळून बाहेर आली. आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ती न्यायला खुद्द तारवटी हजर झाला. म्हापशाहून बस आमच्यापर्यंत आली आणि पुढेमागे दोन्हीकडे रस्ता अडवला म्हणून थांबली ती थांबलीच. उंच माणूस, केस कपाळावर तिरके कापलेले. भर दुपारी काळा कोट.

‘‘हांव जहाजार वतां,’’ तो मला म्हणाला. ‘‘म्हजी कॅसेट जाय.’’ तो जहाजावर निघाला होता आणि त्याला कॅसेट हवी होती.

मी चुरगळलेली फीत त्याच्यासमोर ठेवली. त्याचा चेहरा असा झाला की आईने न विचारता त्याच्यापुढे चहा ठेवला.

बाबांनी बाकड्यावर बसायला सांगितलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘बाब, तुमी कोंकणीवाले काय मराठीवाले?’’

‘‘कोंकणी,’’ तो म्हणाला. ‘‘आनी कितें?’’

झालं. रस्ता बंद, बस बंद, ट्रकवाला अडकलेला, बाबांना असा माणूस महिन्याभरात मिळाला नव्हता. तासभर दोघं भांडले. बाबा संतांपर्यंत गेले, तारवटी त्याच्या आजीच्या ओव्यांपर्यंत. सगळं भांडण कोंकणीतून. ट्रकवाला मधे पंच. आणि हे चालू असताना, मला कधी ते कळलंही नाही, बाबांनी चष्म्याचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणून कॅसेट उघडली होती. नाट्यगीतांच्या कॅसेटी जोडून जोडून त्यांचा हात बसला होता. ‘‘हंय धरात,’’ ते म्हणाले. तारवट्याने फितीचं टोक धरलं. बाबांनी चुरगळलेला भाग ब्लेडने कापला, चिकटपट्टीने टोकं जोडली. दोघांची डोकी एकमेकांना लागत होती आणि तोंडं चालूच होती.

वाजवून पाहिलं. दुसऱ्या गाण्यात तो सर्दीवाला एक शब्द अर्धा म्हणायचा आणि पुढच्या कडव्यात उडी मारायचा.

‘‘आता बरा झाला,’’ ट्रकवाला म्हणाला. ‘‘मदी उगाच लांबवी होतो.’’

तारवटी मोठ्याने हसला. संध्याकाळी झाडं बाजूला झाली आणि तो गेला. कॅसेट मात्र ठेवून गेला. म्हणाला, जोडलेली फीत खाऱ्या हवेत टिकायची नाही.

त्याचं जहाज काही लवकर सुटलं नाही. कंपनीची तार येईना. तेवढ्यात राजभाषेचा कायदा झाला. कोंकणी राजभाषा, मराठीलाही वापरात जागा. दोन्ही बाजूंनी आपण जिंकलो असं म्हणून पेढे वाटले आणि दोन्ही बाजू घरी जाऊन आपल्याला फसवलं म्हणून चरफडल्या. बाबा चरफडणाऱ्यांत. चार दिवसांनी तारवटी हॉटेलात आला, तोही चरफडतच.

‘‘कितें जालें?’’ बाबांनी विचारलं. ‘‘तुमी जिखले न्हय?’’

‘‘जिखलों खंय?’’ तो म्हणाला. ‘‘कायद्यांत कोंकणी म्हणल्यार देवनागरी. म्हाका देवनागरींत म्हजें नांव लेगीत बरोवंक येना!’’

देवनागरीत त्याला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं; आयुष्यभर त्याने कोंकणी रोमी लिपीतच लिहिली होती. भाषा आत गेली आणि तो दाराबाहेर राहिला. बाबांना आधी हसू आवरेना. आईने रागाने पाहिलं तेव्हा ते आत गेले आणि माझी जुनी पाटी घेऊन आले.

मग दर बुधवारी तो येऊ लागला. गर्दी ओसरली की कोपऱ्यातल्या मेजावर काळा कोट घालून तो अ आ इ ई गिरवायचा आणि बाबा त्याच्या डोक्यावर उभे. ‘‘ळ असा काढायचा नाही, तो आजारी दिसतो.’’ मोबदला म्हणून बाबांनी त्याच्याकडून गाण्यांचे अर्थ मागितले. तारवटी टेप थांबवून थांबवून सांगायचा: हा माणूस जनेलात, म्हणजे खिडकीत, उभा आहे. खालून गाड्या जाताहेत. या शहरात त्याला कुणी ओळखत नाही.

‘‘एवढंच?’’ बाबा म्हणाले. ‘‘त्याला म्हणावं पेडण्यात ये. इथे ओळखत नाही असा एक माणूस शोधून दाखव.’’

घटक राज्य झालं त्या दिवशी हॉटेलात सगळे पुढचे मंत्री कोण हे मोजण्यात गुंतले होते. ट्रकवाल्याने तेवढं विचारलं, आता सीमेवर आपल्याला उतरून नमस्कार करावा लागेल का. त्याच आठवड्यात तारवट्याची तार आली. आईने त्याला सोलं, म्हणजे आमसुलं, आणि उकडे तांदूळ बांधून दिले.

दोन महिन्यांनी त्याचं बाबांना पत्र आलं. देवनागरीत, कोंकणीत, अक्षर पहिलीतल्या पोराचं. थंडी फार आहे, जेवण वाईट आहे, बंदरात एका बारमध्ये तसलंच गाणं ऐकलं, तुमची आठवण आली. बाबांनी ते दोनदा वाचलं, मग लाल पेन घेतलं आणि सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करून तेच पत्र त्याला परत पाठवून दिलं. सोबत मराठीत दोन पानं. पाकिटावरचा पत्ता इंग्रजीत हवा होता. मी लिहिते म्हटलं, तर म्हणाले, मला येतं.

उत्तर यायला बरेच महिने लागले. तारवट्याने लिहिलं होतं: भाऊ, माझ्या चौदा चुका तुम्ही दाखवल्या, मान्य. तुमची एकच आहे. जहाजाचं नाव चुकवलंत. तुमचं पत्र दुसऱ्याच जहाजावर चढलं आणि अर्धं जग फिरून माझ्याकडे आलं. तिकडच्या लोकांनी ते उघडलं होतं, आणि लाल खुणा बघून कुणीतरी काळजीने चिठ्ठी जोडली होती, की या माणसाच्या घरी काही गंभीर तर झालं नाही ना.

मी हसून लोटपोट झाले. ट्रकवाल्याला वाचून दाखवलं तर त्याला ठसका लागला. बाबांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, चष्मा पुसला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत पुन्हा वाचलं.

‘‘ऱ्हस्व-दीर्घ मात्र या वेळी बरोबर आहेत,’’ ते म्हणाले, आणि चहा गाळायला गेले.