इन्व्हर्टरवरचा पंखा

माझे वडील, आबा, जळगावात मेहरूण भागातल्या घरी एकटेच राहायचे. लाइट गेली की मला धुळ्याला फोन लावायचे, "लाइट गई, मी बरा शे." तारेचा जुना फोन विजेविना चालायचा. मीच हट्टाने तो काढून इंटरनेटवरचा बसवला. बसवणारा बजावून गेला, "लाइट गेली की हा बंद पडतो, इंटरनेटचा डबा इन्व्हर्टरवर घ्या." इन्व्हर्टरला जोडणी एकच. मी अतिशहाण्याने त्यावर पंखा लावला, जळगावचं ऊन!

मे महिन्यातल्या त्या दुपारी आबांचा फोन आला नाही. मी समजलो, लाइट असेल. संध्याकाळी शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा आबा गेलेले होते. रिसीव्हर हातातच होता.

मी पोहोचलो तरी दुपारी गेलेली लाइट आली नव्हती; पंखा फिरतच होता.