सीझरवरचा अविश्वास ठराव

दिगूमामाचा फोन आला तेव्हा मी नाशिकला, घरी सोफ्यावर पाय पसरून रोमन साम्राज्य बघत होते. ज्युलियस सीझरवरची नवी मालिका. भाजी गॅसवर करपत होती आणि मी एकामागून एक भाग संपवत होते.

"सुमे, तू रोमनी शिरेल देखी ऱ्हायनी का?"

मी ब्लॉगवर दोन ओळी टाकल्या होत्या, त्या धरणगाव तालुक्यातल्या आमच्या मामाच्या गावापर्यंत पोचल्या होत्या. मी हो म्हटलं. मामाने मोठा उसासा टाकला.

"किसन आबाले समजनं. मोतीबिंदूनं ऑपरेशन व्हयनं त्यास्नं. आते म्हने, भाचीले बलाव. सीझरना शेवट माले मना डोयांनी देखना शे."

मी ताडकन उठून बसले. कारण मामाच्या गावातल्या किसन आबांना सीझरचा शेवट ठाऊकच नाही. त्यांना ठाऊक आहे तो शेवट दिगूमामाने वीज गेलेली असताना ठोकून दिलेला आहे, आणि त्या थापेवर गावातली दोन घरं आजवर एकमेकांशी बोलतायत. आता खरा सीझर बघून आबा काय म्हणतील, ही मामाची धास्ती. मी गेले नाही तर आबा रुसणार, गेले तर मामाचं पितळ उघडं पडणार. तरी मी निघाले. खरं सांगू? मलाही मामाच्या त्या ओसरीवर पुन्हा एकदा बसायचं होतं.

नाशिकहून धुळ्याला एसटीने जा. बायकांना अर्धं तिकीट आहे आणि सकाळच्या गाडीला खिडकी मिळते. डिसेंबरात मालेगाव ओलांडलं की हवेत कोरडा गारवा येतो, मग उजव्या-डाव्या डोंगरांतून लळिंगचा किल्ला डोकं वर काढतो आणि धुळं आलंच. स्टँडजवळच्या एका हॉटेलात शेवभाजी मागवली आणि तिखट कमी ठेवा म्हटलं.

"ताई, दही घ्या मग," वाढपी शांतपणे म्हणाला. "भाजी तर अशीच शे."

दही घेतलं. तरीही नाक, कान, डोळे सगळे एकदम मोकळे झाले. पण अहाहा! ती काळ्या मसाल्याची तर्री नाशकात कुणाच्या बापाला जमत नाही. दोन वाट्या तर्री मागून घेतली, त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत.

धुळ्याहून जळगावची गाडी पकडली. हा रस्ता आता ऐसपैस झालाय. पूर्वी पारोळा येईपर्यंत हाडं खिळखिळी व्हायची, या वेळी डुलकी लागली. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी आणि कापूस भरलेल्या ट्रॉल्या. डोळे मिटले की मला ती ओसरीच दिसत होती.

लहानपणी मी सुट्टीला जायचे तेव्हा गल्लीत टीव्ही एकच, मामाचा. रविवारी सकाळी एक परदेशी मालिका लागायची, रोमच्या राजांची. नाव काही केल्या आठवत नाही. भाषा इंग्रजी आणि ओसरीवर बसलेल्या पन्नासेक माणसांत इंग्रजीशी ओळख असलेला एकटा दिगूमामा, तोही जळगावच्या कॉलेजातून बीए अर्धवट सोडून आलेला. तो टीव्हीच्या शेजारी उभा राहायचा आणि समोर जे चाललंय ते अहिराणीत सांगायचा. कळलं तेवढं कळलेलं सांगायचा, नाही कळलं तिथे स्वतःचं घालायचा. आणि वीज? ती तर दर रविवारी कधी ना कधी जायचीच. मग पडदा काळा झाला तरी मामाचं तोंड चालूच.

त्यामुळे आमचा रोम वेगळाच होता. सिनेट म्हणजे गावच्या विकास सोसायटीचं संचालक मंडळ. कॅलिग्युला राजाने घोड्याला मोठं पद द्यायचं ठरवलं, तेव्हा मामा म्हणाला, "घोडाले डायरेक्टर करी ऱ्हायना!" आणि ओसरी दणाणून हसली. नीरोच्या हातात कसलंसं तारांचं वाद्य होतं, मामाने त्याचं तुणतुणं केलं. मागे शहर जळतंय आणि हा बाबा तुणतुणं वाजवतोय! बायका कडाकडा बोटं मोडायच्या. पुढे कधीतरी वाचलं की आग लागली तेव्हा नीरो शहरात होता की नाही यावरही जाणकारांचं एकमत नाही. पण टीव्हीला तेवढं थांबायला वेळ कुठे असतो? ज्याला वाईट ठरवायचं त्याला आडवं लोळवा, हातात द्राक्षांचा घड द्या, संगीत जरा भेसूर करा, झालं काम. द्राक्षं दिसली की ओसरीवर कुणीतरी म्हणायचंच, "हाऊ मानूस बरा नही."

सीझरच्या बाबतीत मात्र ओसरी फुटली होती. तो शूर, दिलदार, गरिबांना धान्य देणारा. आणि तोच खुर्चीला असा चिकटलेला की मरेपर्यंत मीच, असं जाहीर करणारा. हे बघताना सगळे चोरून किसन आबांकडे बघायचे.

किसन आबा सोसायटीचे चेअरमन होते, वर्षानुवर्षं. त्यांनी गोदाम बांधलं, वेळेवर बियाणं आणलं, हे खरं. सभा बोलवायची सोडली, विचारणाऱ्याला दरडावून गप्प बसवलं, हेही खरं. आबा काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. शेवटी अविश्वास ठराव आला आणि पहिला हात वर झाला तो प्रल्हादभाऊचा, आबांच्या सख्ख्या पुतण्याचा. आई-बाप गेल्यावर ज्याला आबांनी स्वतःच्या ताटात जेवू घालून वाढवलं, तोच. आबांची खुर्ची गेली. त्या दिवसापासून चुलता-पुतण्या समोरासमोर राहून एकमेकांचं तोंड बघेनात. रविवारी दोघंही ओसरीवर यायचे, पण दोन टोकांना बसायचे.

आणि मग सीझरला मारायचा भाग आला. सगळे सिनेटर त्याच्याभोवती गोळा झाले. ब्रूटसने अंगरख्यात हात घातला. आबा खांबाला टेकून बसले होते, पण पाठ ताठ. आणि फट्! वीज गेली.

 आबांचाच आवाज आला, "मंग? पुढे काय व्हयनं रे, दिगू?"

मामाला पुढचं पक्कं ठाऊक होतं, कॉलेजात शिकला होता. पण त्याने एकदा आबांकडे पाहिलं, एकदा प्रल्हादभाऊकडे, आणि सांगितलं की ब्रूटसच्या हातातला सुरा सीझरने पाहिला आणि एवढंच म्हणाला, माले तीस लागनी, पानी दे. ब्रूटसने सुरा खाली टाकला आणि पाणी आणून दिलं. सीझर पाणी प्याला आणि घरी गेला. खुर्ची गेली, माणूस राहिला. खल्लास.

दुसऱ्या दिवशी आबा प्रल्हादभाऊच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले आणि पाणी मागितलं. मी तेव्हा शाळकरी पोर, पण प्रल्हादभाऊ तांब्या घेऊन कसा धावत आला ते मला आजही दिसतं.

एरंडोलला उतरले. हाताशी वेळ असेल तर इथून पद्मालयाला जाऊन या, तळ्यातल्या कमळांसाठी तरी. मला धीर नव्हता. शेअर रिक्षाने धरणगाव गाठलं, तिथे मामा मोटारसायकल घेऊन उभा होता. केस सगळे पांढरे, पण मिशी तशीच झुबकेदार.

"शेवटला भाग उडाई टाक ना मोबाईलमाईन," गाडी सुरू करायच्या आधीच तो म्हणाला. "सांग, नेट नही शे."

"मामा, गावात टॉवर लागलाय."

"मंग तू सांगशी ते सांग. पन आबा आते थकेल शेतस. त्यास्ले समजनं का मी फसाडेल शे, त मी तोंड कसं दाखाडू?"

मी त्याला थट्टेने काहीतरी म्हणणार होते, पण त्याचे पडलेले खांदे बघितले आणि गाडीवर मागे बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरिताचा बेत. कपाशीच्या काड्यांचा जाळ करून त्यात हिरवी, लांबोडकी वांगी भाजली होती, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि कांद्याची पात. असं भरीत खायला तुम्ही इथे थंडीतच या, उन्हाळ्यात आलात तर मला दोष देऊ नका. पंगत ओसरीवरच बसली. किसन आबा काठी टेकत आले, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांचा हात धरून प्रल्हादभाऊ आला, तोही आता साठीचा, टक्कल पडलेला.

"कशी शेस, बेटा?" आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लाव तुना सीझर."

मामाच्या मोठ्या टीव्हीला मी मोबाईल जोडला. मामा सवयीने टीव्हीच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि मग लक्षात आल्यावर ओशाळून खाली बसला. मालिका हिंदीत होती, सांगणाऱ्याची गरजच नव्हती.

नव्या मालिकेतला सीझर म्हातारा आहे, एकटा आहे, आरशात बघून टकलावरचे केस पुढे ओढतो. जुन्या मालिकेत ब्रूटस देवमाणूस होता, इथे त्याला रात्री झोप येत नाही. आबा एकटक बघत होते. सीझर सभागृहाच्या पायऱ्या चढायला लागला, तशी मामाने मान खाली घातली. प्रल्हादभाऊ भिंतीकडे बघत होता. माझा हात रिमोटवर होता. बंद करू? काय सांगून करू?

सिनेटर जवळ आले. ब्रूटसने अंगरख्यात हात घातला.

आबांनी माझ्या हातातून रिमोट काढून घेतला आणि लाल बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"लाईट गई," आबा म्हणाले.

बाहेर लख्ख ऊन होतं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

"दिगू," आबांनी काळा चष्मा काढून मामाकडे पाहिलं, "मंग? पुढे काय व्हयनं रे?"

मामा उठला. टीव्हीच्या शेजारी उभा राहिला. "आबा, ब्रूटसना हातमा सुरा व्हता," त्याने सुरुवात केली. "सीझरनी देखा. आनि म्हने..." त्याने खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला. पन्नास माणसांना हसवणारा, रडवणारा माझा मामा.

प्रल्हादभाऊ उठून आत गेला. माठातून तांब्या भरल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्याने तांब्या दोन्ही हातांनी आबांसमोर धरला.

आबा पाणी प्याले, सगळं. थोडं हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं, ते प्रल्हादभाऊने पुसलं.

"माले तव्हयच माहीत व्हतं," आबा मामाला म्हणाले. "त्याच हप्तामा धरणगावना मास्तरले ईचारी लिधं व्हतं. पन मास्तरना सीझरपेक्षा तुना सीझर बरा वाटना. आज डोया नवा शेतस, म्हनीसन देखाले बसनू. नको वाटनं."

मी रडत होते, लपवलंही नाही.

परतीला धरणगावहून पॅसेंजरने जळगाव आणि तिथून नाशिकरोडची गाडी. मामीने बिबड्यांची, ज्वारीच्या पापडांची पिशवी दिली होती, ती मांडीवर घट्ट धरून बसले. लहानपणी सुट्टी संपल्यावर याच रुळांवरून जाताना बसायचे, अगदी तशीच.

आता घरी येऊन बरेच दिवस झाले. पुन्हा जाणार आहे तिकडे, भरिताच्या निमित्ताने. मालिका मात्र तिथेच थांबलीय. टीव्ही लावला की ती विचारते, पुढे बघायचं का, आणि सीझर सभागृहात उभाच असतो. परवा माझ्या लेकीने विचारलं, "आई, याला शेवटी मारतात ना?"

"बाकीच्या जगात मारतात," मी म्हटलं. "आमच्याकडे तो पाणी पिऊन घरी गेला."